दीड वाजता शटर: लोअर परळच्या बारमधली आइस हॉकी फायनल

बारचं नाव लिहित नाही, कारण पुढे थोडं वाईट लिहायचंय आणि मालक माणूस म्हणून बरा आहे. लोअर परळ स्टेशनच्या पश्चिमेला, मिलच्या जुन्या गल्लीत, पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान, एवढ्यावरून ज्याला कळायचं त्याला कळेल.

२५ मे २०२५, रविवार. स्टॉकहोमला आइस हॉकीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल, अमेरिका विरुद्ध स्वित्झर्लंड, आपल्याकडे रात्री बाराला दहा कमी असताना चालू. बारवाल्याने स्टेटस ठेवलेलं "आइस हॉकी फायनल लाइव्ह, मोठा स्क्रीन, कव्हर ९९९, पूर्ण रिडीमेबल", म्हणजे तेवढ्याचं खायचं-प्यायचं. मी मुलुंडवरून गेलो. चेकमधल्या ब्रनोला दोन वर्षं प्रोजेक्टवर होतो तेव्हापासून ही खाज लागलीय, आणि मुंबईत ही मॅच बघायला सोबत कोण मिळणार, घरी लॅपटॉपवर एकट्याने बघत बसायचं आणि बायको विचारणार आवाज कमी कर ना. सोबत मावसभाऊ होता, कॅनडात मिसिसागाला असतो, महिनाभर सुट्टीवर आलेला. त्याला वाटलं बियर मिळेल म्हणून आला, हॉकीसाठी नाही, पण ते पुढे.

तर मोठा स्क्रीन. मोठा स्क्रीन आयपीएलला होता. हैदराबाद-कोलकाता चालू होती, क्लासेनने ३७ बॉलमध्ये शंभर मारले, अख्खा बार उभा, कोण कशाला चॅनल बदलेल. बरोबरच आहे, मीपण उभा राहून बघत होतो खोटं कशाला बोलू. पण मॅच संपल्यावरही हायलाइट्स आणि कॉमेंटरीवाले काका चालूच, आणि आमची हॉकी मागच्या खोलीत, जिथे एरवी बर्थडे पार्ट्या करतात तिथे, पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टर मारलेला. आता आइस हॉकीचा पक म्हणजे तीन इंच रुंद एक इंच जाड काळी रबराची वडी, ती बर्फावर सुसाट जाते, चांगल्या टीव्हीवर पण नवीन माणसाला दिसत नाही, आणि इथे भिंतीला मधोमध ओल आलेली, एक काळा डाग अगदी स्विस गोलपोस्टच्या जवळ. पहिली दहा मिनिटं मी त्या डागालाच पक समजून बघत होतो, मस्करी नाही.

आवाज मात्र दिला, पूर्ण. आणि बोंबील फ्राय एक नंबर, कुरकुरीत, तेल नाही, आत लुसलुशीत. चिकन चिली नेहमीची लाल. कांदा भजी गार आली, परत पाठवली, गरम करून आली म्हणजे अजून वाईट झाली.

पण मला खरं लिहायचंय ते आलेल्या लोकांबद्दल. मोजून चौदा माणसं. यात एक स्विस बाई, झुरिकच्या कुठल्या तरी कंपनीतर्फे इथे तीन वर्षं आहे, लाल जर्सी घालून एकटी सगळ्यात पुढे. दोन लडाखी मुलं, परळला कॉलेजात आहेत. चारपाच ऑफिसवाले जे चुकून मागच्या खोलीत आलेले आणि एसी बरा म्हणून बसले. बाकी आम्ही. आणि कॅनडाचा म्हणावा असा एकच, माझा भाऊ, तो मोबाइलवर दुसरीच हॉकी बघत बसलेला. त्याच रात्री एनएचएलची, म्हणजे कॅनडा-अमेरिकेच्या मोठ्या लीगची, एडमंटन-डॅलस प्लेऑफ होती ना.

मी त्याला बोललो अरे वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल आहे, तर तो म्हणतो, ही मे महिन्यातली स्पर्धा आमच्याकडे कोण बघतं, एनएचएलचा स्टॅनली कप चालू असतो, ज्यांची टीम बाहेर पडली ते प्लेअर इकडे येतात. आता गंमत बघा, तीन दिवस आधी, २२ मेला, डेन्मार्कने हेर्निंगला कॅनडाला क्वार्टर फायनलमध्ये २-१ हरवलं, क्रॉसबी आणि मॅकिननसारखे स्टार टीममध्ये असताना, शेवटचं एक मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा गोल बसला. डेन्मार्क! म्हणजे आपल्याला नेपाळने वनडेत हरवावं तसं. हे ह्या माणसाला रविवारी बारमध्ये माझ्याकडून कळलं. "असं का? बरं." एवढंच.

पण तोच माणूस नाताळात वेगळाच असतो. २६ डिसेंबरला वीस वर्षांखालच्या पोरांची वर्ल्ड ज्युनियर्स चालू होते, तेव्हा हा, वहिनी, शेजारी, सगळे सोफ्यावर. २०२५ च्या जानेवारीत ओटावात, स्वतःच्या घरात, चेकने त्यांना क्वार्टर फायनलला ४-३ बाहेर काढलं तेव्हा फॅमिली ग्रुपवर दोन दिवस गुड मॉर्निंगसुद्धा टाकलं नाही त्याने. आणि फेब्रुवारीत चार देशांची स्पर्धा झाली, बॉस्टनला फायनल, कॅनडाच्या मॅकडेव्हिडने ओव्हरटाइममध्ये अमेरिकेविरुद्ध गोल मारला, ३-२, तेव्हा आपल्याकडे सकाळ होती आणि ह्याने मला व्हिडिओ कॉल करून नुसतं ओरडून दाखवलं, बोलला काहीच नाही.

माझ्या ब्रनोच्या मित्रांना विचारा त्या चार देशांच्या स्पर्धेचं. खांदे उडवतील. कारण त्यांना बोलावलंच नव्हतं, कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड एवढेच, आणि फायनल ज्या रिंकवर झाली तो बॉस्टनचा रिंक म्हणजे बॉस्टनकडून खेळणाऱ्या पास्टर्नाकचं घरचं मैदान, तो बिचारा चेक म्हणून बाहेर. पण त्यांच्याकडे मे महिना म्हणजे गणपती समजा. २०२४ ला प्राग आणि ऑस्ट्राव्हाला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, एकूण ७,९७,७२७ प्रेक्षक, तोपर्यंतचा रेकॉर्ड, फायनलला ह्याच स्विसना २-० हरवलं, पहिला गोल पास्टर्नाकचाच. आमच्या ऑफिसात एक पन्नाशीचा टेस्टर होता, एरवी स्टँडअप मीटिंगमध्ये तीन शब्द बोलायचा, तो त्या सोमवारी मला १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या गोल्डपासून सुरू करून १९६९ पर्यंत मागे घेऊन गेला. रशियन टँक प्रागमध्ये ऑगस्ट १९६८ ला घुसले आणि पुढच्या मार्चमध्ये स्टॉकहोमला चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत टीमला एकदा नाही दोनदा हरवलं, लोक रस्त्यावर आले, एरोफ्लॉटचं ऑफिस फोडलं. त्याचे वडील त्या गर्दीत होते म्हणे. आता अशा माणसाला मे महिन्यातली स्पर्धा दुय्यम आहे सांगून बघा.

लाटव्हियाचं तर वेगळंच, २०२३ ला नुसतं ब्राँझ मिळालं तर त्यांच्या संसदेने मध्यरात्री बैठक बोलावून दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर केली. आपण वर्ल्डकप आणला तेव्हा मरीन ड्राइव्ह फुटेस्तोवर भरला पण ऑफिसला कोणी सुट्टी दिली का? मला तर नाही.

हे सगळं मी वेटरला सांगत होतो, म्हणजे तो बिल घेऊन उभा होता आणि मी सोडत नव्हतो. आधी त्याने विचारलेलं, "सर, ही धनराज पिल्लेवाली हॉकी का?" मी म्हणालो नाही, ही बर्फावरची, काही देशात वेड आणि शेजारच्याला पत्ता नाही. तर तो कोल्हापूरचा निघाला. "मग हे आमच्या फुटबॉलसारखं झालं की. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असली की आमचं गाव वेगळंच असतंय, आणि इथं मुंबईत सांगितलं तर म्हणतात कोल्हापुरात कुस्ती असते ना." मी इतके दिवस जे डोक्यात जुळवत होतो ते ह्याने दोन वाक्यात सांगितलं. ह्या वेटरला पाचपैकी पाच. पुढे स्विस बाईला मी हे माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं तर ती म्हणाली तिच्याकडे पण तसंच, आंब्री नावाचं डोंगरातलं एवढंसं गाव आहे, त्यांची टीम देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळते.

लडाखी पोरांचं निराळं. त्यांना स्विस-अमेरिका कोण जिंको, घेणं नव्हतं, ते गोलीचे पाय बघत होते. लेहला कारझूच्या तळ्यावर शिकलेले, गुपुक म्हणतात त्याला, हिवाळ्यात गोठतं तेव्हा तेच मैदान. एकजण म्हणाला आमच्याकडे सगळी आर्मीवाल्यांपासून शाळेतल्या मुलींपर्यंत खेळतात, टीव्हीवर बघणारे कमी. म्हणजे उलटंच. आणि त्यानंतर थोड्याच दिवसात, जूनमध्ये, आपल्या मुलींनी अल ऐनला एशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, टीममध्ये जवळपास सगळ्या लडाख आणि स्पितीच्या. मुंबईत किती जणांना माहितीय? मला त्या पोराच्या मेसेजवरून कळलं.

असो, बारकडे येतो. दुसरा पिरियड संपला, ०-०, आणि एक वाजून पंचवीस मिनिटांनी ट्यूबलाइट लागल्या. मालक हात जोडून उभा. दीडला बंद करावंच लागतं, लायसन्सचा प्रश्न, पोलिसांची गाडी फिरते. सगळं मान्य, नियम आहे. पण दादा, मॅच बाराला दहा कमी असताना सुरू होणार, वीस वीस मिनिटांचे तीन पिरियड, मधे दोन ब्रेक, हे गणित स्टेटस ठेवताना करायचं ना? दीडच्या आत ही मॅच संपणार नव्हतीच. ९९९ घेऊन दोन तृतीयांश फायनल दाखवली. आणि माझे कव्हरमधले ३४० शिल्लक होते, किचन बंद, बोलला पुढच्या वेळी अॅडजस्ट करू.

आम्ही सहा जण खाली झेरॉक्सच्या दुकानाच्या छपराखाली. पावसाची सर सुरू झालेली, मे महिन्यात. स्विस बाईच्या फोनवर तिसरा पिरियड, मधे मधे अडकणारा, लडाखी पोरगा छत्री धरून, माझा भाऊ पण आता वाकून बघतोय बरं का, एडमंटनचं काय झालं ते विसरून. परत ०-०. ओव्हरटाइम, तीन विरुद्ध तीन, आणि दोन मिनिटं झाली असतील नसतील तोच थॉम्पसनने लांबून मारला. १-०, अमेरिका. १९३३ नंतर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पहिलं गोल्ड, आणि मारणारा जन्माला आला फिनिक्सला, वाळवंटात. स्विस लोकांची ही २०१३ पासूनची हरलेली चौथी फायनल, आणि ह्या वेळी त्यांचा गोली गेनोनी अख्ख्या स्पर्धेचा बेस्ट प्लेअर ठरला. बाईने फोन खिशात टाकला आणि विचारलं, इथे रिक्षा मिळते का. लोअर परळला रिक्षा येत नाही हे तिला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं की त्या क्षणी सुचलं नाही, काय माहीत. काळी-पिवळी बघून दिली.

मला मुलुंडला पोचायला साडेतीन. सकाळी उठलो तर मान्सून आलेला, २६ मेला, आणि नुकतंच चालू झालेलं वरळीचं आत्रे चौक मेट्रो स्टेशन पाण्यात.

आता मार्क. जेवण साडेतीन, बोंबील धरून. प्रोजेक्टर एक, भिंत शून्य. सर्व्हिस पाच. वेळेचं गणित शून्य. भाऊ म्हणाला २०२५ च्या डिसेंबरात ज्युनियर्स मिनेसोटाला होणार, मालकाला विचार दाखवतो का, तर मी विचारलं. मालक म्हणाला डिसेंबरला लग्नाच्या आणि ऑफिसच्या पार्ट्या असतात, मागची खोली फुल्ल. ३४० चं काय विचारलं तर म्हणाला बिल ठेवलंय का. ठेवलंय, पण भिजलंय.