चिखलदऱ्यातील टेनिस आणि पिकलबॉल : एका रिसॉर्टच्या कोर्टांविषयी

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस मी, माझी पत्नी, माझा मेहुणा आणि त्याची बायको असे चौघे तीन दिवसांसाठी चिखलदऱ्याला गेलो होतो. या वेळचे निमित्त पॉइंट पाहण्याचे नव्हते, तर तिथल्या एका रिसॉर्टने नव्याने बांधलेल्या टेनिस आणि पिकलबॉलच्या (लहान कोर्टावर, पॅडल नावाच्या सपाट बॅटने खेळायच्या टेनिससारख्या खेळाच्या) कोर्टांवर खेळण्याचे होते. रिसॉर्टचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या मी व्यवस्थापकांना समक्ष दाखवल्या आहेत आणि त्या दुरुस्त करण्याचे त्यांनी कबूल केले आहे. तेवढी संधी त्यांना मिळायला हवी.

मी पंचवीसएक वर्षे नागपुरात टेनिस खेळतो. खेळ सामान्य, हौस मात्र दांडगी. गुडघ्याच्या दुखण्यामुळे पत्नीने तीन वर्षांपूर्वी टेनिस सोडले आणि पिकलबॉल धरला. मेहुणा दोन्ही खेळतो आणि दोन्हींत आरडाओरडा सारखाच करतो. नागपुरात मार्चच्या मध्यानंतर सकाळी आठ वाजले की सिमेंटचे कोर्ट तव्यासारखे तापू लागते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, त्यामुळे थंड हवेत दिवसभर खेळता येईल ही कल्पनाच आम्हाला घाट चढायला लावण्यास पुरेशी होती. अमरावती, परतवाडा आणि पुढे घाट असा साधारण २३० किलोमीटरचा रस्ता आहे. पहाटे निघालेले आम्ही अकराच्या सुमारास पोहोचलो आणि सामान खोलीत टाकून थेट कोर्टावर गेलो.

रिसॉर्टच्या मागच्या उतारावर दोन टप्पे पाडून सपाटी केलेली आहे. वरच्या टप्प्यावर टेनिसचे एक कोर्ट आहे आणि त्याच्याच पृष्ठभागावर पिवळ्या रेघांनी पिकलबॉलचे एक कोर्ट आखलेले आहे. खालच्या टप्प्यावर पिकलबॉलचे एक स्वतंत्र कोर्ट आहे. दोन्हीकडे सिमेंटवर अ‍ॅक्रिलिकचा थर असून रंग अजून ताजा आहे. पहिल्या दृष्टिक्षेपात वरचे कोर्ट देखणे वाटते, कारण त्याच्या पलीकडे थेट दरी दिसते. खेळायला लागल्यावर मात्र दहाव्या मिनिटाला लक्षात येते की दरी इतकी जवळ असणे हीच त्या कोर्टाची अडचण आहे.

टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि दुहेरीसाठी ३६ फूट रुंद असते हे सर्वांना ठाऊक असते, पण रेघांच्या बाहेर किती जागा लागते याचा विचार बांधणारे सहसा करत नाहीत. बेसलाइनमागे, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेघेमागे, २१ फूट आणि बाजूंना १२-१२ फूट मोकळे सोडायचे म्हटले तर एका कोर्टाला साधारण १२० फूट गुणिले ६० फूट एवढी सपाटी लागते. डोंगरात एवढी सलग सपाट जमीन म्हणजे चैनच. इथे दरीच्या बाजूच्या बेसलाइनमागे मी पावलांनी मोजले तर जेमतेम दहा फूट भरले, आणि तिथून पुढे कंबरेएवढी दगडी भिंत व तिच्यावर जाळी आहे. लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला चेंडू, परतवायला मागे धावलेल्या मेहुण्याचे कोपर त्या भिंतीला लागले, ते पुढे दोन दिवस हळदीच्या लेपात होते.

या अपुऱ्या जागेत भर पडते ती हवेची. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर, म्हणजे तिथली हवा आपल्यापेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ असते. विरळ हवेत चेंडूला अडथळा कमी होतो, तो लांब जातो, आणि टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, दिला तरी हवेची पकड कमी असल्यामुळे अपेक्षेइतका खाली वळत नाही. शिवाय टेनिसच्या चेंडूत दाबाने हवा भरलेली असते. बाहेरचा दाब घटला की आतला दाब तुलनेने वाढतो आणि चेंडू अधिक उसळतो. नागपूरहून नेलेला नवा डबा फोडून आम्ही दुपारी खेळलो, तेव्हा एरवी कंबरेशी मिळणारा चेंडू बरगड्यांपाशी येत होता आणि माझे निम्मे फोरहँड बेसलाइन ओलांडत होते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत उंचावरच्या खेळासाठी वेगळा चेंडू आहे, पण ती मर्यादा १,२१९ मीटरपासून सुरू होते. चिखलदरा शंभरेक मीटरने खाली राहते, आणि आपल्या लोकांचे दुसरे आवडते ठिकाण पचमढी तर त्याहून थोडे खाली आहे. त्यामुळे वेगळा चेंडू ठेवला नाही म्हणून रिसॉर्टला दोष देता येणार नाही. परंतु जिथे चेंडू जास्त उसळतो आणि जास्त लांब जातो, तिथे खेळाडूला मागे सरकायला नेहमीपेक्षा अधिक जागा लागते, आणि इथे नेमकी तीच निम्मी आहे.

सकाळी हा हिशोब काहीसा उलटतो. थंडीत हवा थोडी दाट होते, चेंडूचे रबर आखडते आणि उसळी कमी होते. सकाळी साडेआठला तोच चेंडू, तोच हात आणि तेच कोर्ट असताना आमच्या रॅली चक्क पंधरा-पंधरा फटक्यांच्या झाल्या. टेनिसच खेळायचे असेल तर सकाळचीच वेळ घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. फक्त दव वाळू द्यावे. अ‍ॅक्रिलिकवर दव साचले की बूट साबणावरून जावेत तसे सरकतात. तिथे काम करणारा एक तरुण रोज सकाळी लांब वायपर घेऊन दोन्ही कोर्टे कोरडी करतो आणि त्याचे काम इतके नेटके आहे की पहिल्या दिवशी आम्ही घाई केली तेव्हा त्याने, "काका, इकडली बाजू अजून ओली हाये, दहा मिनिटं थांबा," असे म्हणून आम्हाला सरळ बाहेर बसवले. साऱ्या मुक्कामात खेळाची खरी जाण मला त्याच्यातच दिसली.

नेटची कथा मात्र वेगळी. टेनिसचे नेट मध्यभागी ३६ इंच उंच असावे लागते आणि ते तेवढे राहावे म्हणून मध्ये पांढरा पट्टा खाली ओढून बांधतात. इथे तो पट्टाच नव्हता. टेप जवळ नसेल तर जुने खेळाडू एक रॅकेट उभी धरून तिच्यावर दुसरीचे डोके आडवे ठेवतात; २७ इंच लांबी आणि वर सुमारे नऊ इंच रुंदी मिळून ३६ होतात. तसे करून पाहिले तर वरच्या रॅकेटच्याही वर दोन बोटे नेट दिसत होते. व्यवस्थापकांनी टेप आणून मोजले, तेव्हा ३८ इंच भरले. याच नेटवर पिवळ्या रेघांतला पिकलबॉल खेळायचा, आणि पिकलबॉलचे नेट मध्यभागी ३४ इंच व कडेला ३६ इंच असते. म्हणजे मध्ये चार इंचांचा फरक पडला, आणि कडेलाही नेट उंचच राहते, कारण टेनिसचे नेट खांबांकडे ४२ इंचांपर्यंत चढत जाते.

चार इंच म्हणजे काय मोठेसे, असे कुणाला वाटेल. पिकलबॉलमध्ये नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला सगळे किचन म्हणतात. त्यात उभे राहून चेंडू हवेतच मारता येत नाही, म्हणून खेळाडू त्याच्या कडेला उभे राहतात आणि नेटला जवळजवळ घासून हलकेच चेंडू पलीकडे टाकत राहतात. या फटक्याला डिंक म्हणतात (लाडवांतला नव्हे, जरी चिकाटी तेवढीच लागते). नेट चार इंच वर गेले की डिंक उचलून मारावा लागतो, उचललेला चेंडू समोरच्याला आयता मिळतो आणि खेळाचा जीवच जातो. पत्नीने वरच्या कोर्टावर एक गेम खेळून पॅडल पिशवीत ठेवले आणि पुन्हा तिथे पाऊल टाकले नाही. या दुहेरी आखणीचा उपयोग माझ्या मते फक्त माहितीपत्रकात 'दोन पिकलबॉल कोर्टे' असे छापण्यापुरता आहे.

आता खालच्या कोर्टाविषयी, आणि इथे माझा सूर बदलतो. पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट गुणिले २० फूट, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढेच असते. १९६५ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला तोही बॅडमिंटनच्या एका जुन्या कोर्टावरच. भोवतालची जागा धरून ६० फूट गुणिले ३० फूट सपाटी मिळाली तरी काम भागते, म्हणजे टेनिसच्या एका कोर्टाच्या जागेत अशी चार बसतात. डोंगराच्या पायरीएवढ्या टप्प्यावर हे कोर्ट कुठेही ओढाताण न करता बसले आहे. नेट स्वतंत्र आणि अचूक उंचीचे आहे, रेघा स्पष्ट आहेत, आणि तीन बाजूंना हिरवे कापड व दरीकडे झाडांची रांग असल्यामुळे वारा अडतो. वाऱ्याचे महत्त्व इथे फार आहे. पिकलबॉलचा चेंडू प्लास्टिकचा, भोकांचा आणि जेमतेम २२ ते २६ ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या आत दाबाची हवा नसल्याने उंचीमुळे त्याच्या उसळीत फरक पडत नाही, पण वाऱ्याची एक झुळूक त्याला हातभर बाजूला नेते. दुपारी तीननंतर वरच्या टप्प्यावर वारा सुटला होता तेव्हा खाली आम्ही निवांत ११-११ गुणांचे गेम खेळत होतो.

एक तक्रार इथेही आहे. रिसॉर्ट जे चेंडू देते ते पत्र्याच्या खोलीत रात्रभर गारठतात, आणि मैदानी खेळाचा ४० भोकांचा कडक चेंडू थंडीत लवकर तडकतो. दुसऱ्या सकाळी तिसऱ्याच गेममध्ये 'टॉक' असा नेहमीचा आवाज बदलून 'पचक' असा येऊ लागला. चेंडू हातात फिरवून पाहिला तर दोन अर्धगोल जिथे जोडलेले असतात त्या शिवणीवर केसाएवढी चीर होती. बदली चेंडू मागितला तर पन्नास रुपये भरा असे सांगण्यात आले, ते व्यवस्थापकांशी बोलल्यावर माफ झाले. चेंडू खोलीत उबेला ठेवून सकाळी काढावेत, एवढ्याने हे टळेल. भाड्याची पॅडल्स बरी आहेत, मात्र त्यांतल्या दोन पॅडल्सच्या मुठी झिजलेल्या होत्या.

दर तासाला टेनिसचे चारशे आणि पिकलबॉलचे तीनशे रुपये घेतात, मुक्कामी असलेल्यांना रोज एक तास मोफत. खालच्या कोर्टासाठी हे पैसे योग्य आहेत. वरच्यासाठी, निदान मधला पट्टा येईपर्यंत, जास्त आहेत. दिवे लावलेले नाहीत आणि सहानंतर खेळू देत नाहीत. मेहुण्याला हे पटले नाही, मला पटले, कारण पॅडलवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज त्या शांत दरीत दूरवर जातो आणि शेजारीच मेळघाटचे जंगल आहे. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र रॅकेट घरीच ठेवावी. त्या दिवसांत चिखलदरा ढगांत बुडालेला असतो आणि उघड्या अ‍ॅक्रिलिकवर खेळण्यात काही अर्थ नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

निघताना व्यवस्थापकांनी विचारले की वरच्या कोर्टाचे काय करावे. मी टेनिसचा माणूस असूनही त्यांना सांगितले की त्या टप्प्यावर पिकलबॉलची दोन स्वतंत्र कोर्टे ऐसपैस बसतील. पत्नी शेजारीच उभी होती, तिने हे वाक्य घाट उतरेपर्यंत चार वेळा मला ऐकवले. फेब्रुवारीतली खोली आम्ही ठरवून ठेवली आहे, आणि गाडीच्या डिकीत टेप व नेटचा एक मधला पट्टा आतापासूनच पडून आहे.