फॉर्म डीवर आठ महिने: कोल्हापूर ते जम्मू

आमचे हे लष्करात मेजर, पोस्टिंग जम्मूकडं. लेकीच्या शाळेसाठी मी सासूसासऱ्यांजवळ टेंबलाईवाडीत राहते. जानेवारीपासून आम्ही दोघी फॉर्म डीच्या, म्हणजे फौजेतल्या रेल्वे सवलतीच्या, तिकिटावर जम्मूला दोनदा जाऊन आलो. नव्यानं लग्न होऊन फौजेच्या घरात आलेल्या मुलींना उपयोग व्हावा म्हणून लिहिते.

ड्युटीवर जाताना मिळतं ते रेल्वेचं वॉरंट, त्याला पैसे पडत नाहीत. फॉर्म डी वेगळा. यात भाड्याच्या ६० टक्केच आपण भरायचे, आणि तो कुटुंबालाही चालतो. अधिकाऱ्याला वर्षाला सहा मिळतात, पण एक फॉर्म एकाच बाजूला. म्हणजे जाऊन-येऊन तीन खेपा, हा हिशेब आधीच मांडून ठेवा. मी पुण्याला जायला फॉर्म मोडतच नाही. सूट लागते ती लांबच्या वाटेला: सकाळी कोल्हापुरातून कोयना एक्स्प्रेस धरायची, पुण्यात उतरायचं आणि संध्याकाळी जम्मूच्या झेलम एक्स्प्रेसमध्ये बसायचं.

मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या काळी युनिटच्या क्लार्ककडून कागद भरून घ्यायचा, मग स्टेशनच्या खिडकीवर रांग लावायची. आता डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीम या फौजेच्या तिकीट पोर्टलवर ऑनलाइन होतं आणि ते खरोखर सोयीचं आहे. पण लॉगिन यांचं, बँकेचं कार्ड यांचं, त्यामुळं ओटीपीही यांच्याच फोनवर. मे महिन्याचं आरक्षण ६० दिवस आधी उघडलं त्या सकाळी हे रेंज नसलेल्या चौकीवर होते. दोन दिवसांनी तिकीट काढलं तोवर वेटिंग लागलेलं, आणि चार्ट लागला तरी ते हललं नाही. लेकीनं बाबांसाठी भडंगाचा डबा स्वतः भरून ठेवला होता. तो तसाच फळीवर गेला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. सूट असली म्हणून जागा मिळतेच असं नाही, हे तेव्हा कळलं. पुणे स्टेशनवरच्या एमसीओत, म्हणजे फौजेच्या प्रवासाचं काम बघणाऱ्या ऑफिसात, लष्कराच्या कोट्यासाठी आधी अर्ज करता येतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जूनमध्ये तसा अर्ज केला आणि दोन बर्थ मिळाले.

डिपेंडंट कार्ड, म्हणजे फौजेतल्या माणसाच्या कुटुंबाचं ओळखपत्र, मूळच जवळ ठेवा, तेही हाताशी. पहिल्या खेपेला मनमाड सोडल्यावर मध्यरात्री टीसी आले. कार्ड बर्थखालच्या बॅगेत, बॅगेला साखळी, आणि किल्ली झोपलेल्या लेकीच्या उशीखालच्या पर्समध्ये. ते बिचारे थांबले, पण माझे हात थरथरत होते. आता कार्ड गळ्यातल्या पाकिटात असतं.

चार फॉर्म संपले, दोन उरलेत. ते दिवाळीचे. यांनी रजेवर येण्यापूर्वीच बुकिंगची तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली आहे, आणि भडंगाचं लेकीनं आत्तापासूनच आज्जीला बजावून ठेवलंय.