गेट बॅक की लेट इट बी? बीटल्सची कुठली डॉक्युमेंटरी आधी बघायची

पावसाळ्यात शॅक बंद, गिग जवळजवळ नाहीतच, त्यामुळे गोव्यातले वाजवणारे आणि ऐकणारे दोघंही घरात अडकलेले असतात आणि मग हा प्रश्न हमखास येतो, की बीटल्सची ती आठ तासांची बघू की छोटी बघू?

आधी एक लक्षात घ्या, दोन्ही एकाच शूटिंगमधून आल्यात. जानेवारी १९६९, लंडन, बीटल्स या ब्रिटिश बँडमधले चौघंजण, जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो, नवीन गाणी बसवतायत आणि दिग्दर्शक मायकल लिंडसे-हॉग कॅमेरे लावून बसलाय. सुमारे ६० तासांचं फुटेज जमलं. त्यातून त्याने 'लेट इट बी' केली, साधारण ८० मिनिटांची, ती १९७० च्या मे महिन्यात आली आणि तोवर बँड फुटला होता. त्याच फुटेजमधून दिग्दर्शक पीटर जॅक्सनने २०२१ मध्ये 'गेट बॅक' केली, तीन भाग मिळून जवळपास आठ तास.

बँड फुटल्यावर आली म्हणून 'लेट इट बी'वर भांडणाची फिल्म असा शिक्काच बसला. पण खरं सांगायचं तर १० जानेवारीला जॉर्ज बँड सोडून निघून गेला ते त्यात नाहीच! पॉल-जॉर्जची वाजवण्यावरून कुरबुर दिसते, पुढे काय झालं ते कळत नाही. 'गेट बॅक'मध्ये ते सगळं आहे, अगदी कॅन्टीनमधल्या कुंडीत लपवलेल्या माइकने पकडलेलं जॉन आणि पॉलचं खाजगी बोलणं पण.

तुम्ही स्वतः काही वाजवत असाल तर विचार करू नका, 'गेट बॅक' बघा. पहिल्या भागात एक जागा आहे, जॉन अजून आलेला नाही, पॉल बेस घेऊन नुसता खरवडत बसलाय, शब्द नाहीत, तोंडाने काहीतरी हूं हूं चाललंय, जॉर्ज जांभई देतोय, रिंगो टक लावून बघतोय, आणि दोन-तीन मिनिटांत त्या खरवडण्यातून 'गेट बॅक' हे गाणं तुमच्यासमोर उभं राहतं. गणेश चवथीआधी वाड्यावर घुमट (मातीचं चर्मवाद्य) घेऊन आरतीची प्रॅक्टिस ज्यांनी केलीय त्यांना हे लगेच ओळखू येईल, तासभर काही जमत नाही, कोण चहा पितोय, कोण झांजेची दोरी बांधतोय, आणि अचानक सगळ्यांचा ताल बसतो. ८० मिनिटांत ही वाट बघणं मावतच नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे. जॉर्ज 'समथिंग'च्या एका ओळीवर अडलाय तर जॉन त्याला सांगतो की शब्द सापडेपर्यंत कॉलीफ्लॉवर म्हण, काहीही म्हण, पण पुढे जा! गाणी लिहिणाऱ्या पोरांनी हे बघायलाच पाहिजे.

पहिला भाग संथ आहे हे मात्र मान्य. ट्विकनहॅमचा तो प्रचंड मोठा थंड स्टुडिओ, कंटाळलेले चेहरे, बघणाऱ्यालाही जड जातं. पण तो गाळू नका, कारण पुढे सॅव्हिल रोवरच्या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत, तळघरात, पाहुणा कीबोर्डवादक बिली प्रेस्टन येतो, इलेक्ट्रिक पियानोवर बसतो आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी कळा येते तिची किंमत पहिला भाग सोसल्याशिवाय कळत नाही.

'लेट इट बी' मग कोणासाठी? ज्यांना अख्खी गाणी ऐकायचीयत त्यांच्यासाठी. ३१ जानेवारीला वाजवलेली 'टू ऑफ अस', 'लेट इट बी' आणि 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' त्यात नीट, सलग आहेत, 'गेट बॅक'मध्ये तो दिवस शेवटच्या नावांसोबत तुकड्यातुकड्यात उरकलाय आणि मला ते अजून खटकतं. आदल्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्यांनी जी कॉन्सर्ट केली तिचं उलटं आहे, जॅक्सनने ती पूर्ण दाखवलीय, खाली रिसेप्शनवर पोलीस उभे, वर गाणं चालू, दोन्ही एकाच वेळी स्क्रीनवर. 'लेट इट बी' कित्येक वर्षं सरळ मार्गाने मिळतच नव्हती, २०२४ मध्ये साफसूफ होऊन परत आली, त्यामुळे चित्र-आवाज दोन्ही आता छान आहेत.

घरात आईवडिलांसोबत एका संध्याकाळी बघायची असेल तर छोटी लावा. एकटे किंवा बँडवाल्या मित्रांसोबत असाल तर रोज रात्री 'गेट बॅक'चा एक भाग, आणि चौथ्या रात्री 'लेट इट बी', कारण माणसं ओळखीची झाल्यावर ती सलग गाणी फार वेगळी लागतात. सबटायटल चालू ठेवा, चौघांच्या गावचं, लिव्हरपूलचं पुटपुटणं पहिल्यांदा कानाला लागत नाही, आणि वीज कधी जाईल नेम नाही तर डाउनलोड दुपारीच करून ठेवा.