ईआरए चाचणी: सांगली-मिरजेत करून घेण्याआधी

आयव्हीएफमध्ये दोन-तीनदा चांगला गर्भ सोडूनही रुजला नाही की ‘ईआरए करून बघू’ असं सुचवलं जातं. ईआरए म्हणजे गर्भाशयाचं अस्तर गर्भ रुजवून घ्यायला कधी तयार असतं हे बघणारी चाचणी. गर्भाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून त्यातली दोनशेहून जास्त जनुकं किती सक्रिय आहेत ते तपासतात, आणि त्यावरून गर्भ सोडायची वेळ ठरवतात. त्या महिन्यात गर्भ सोडता येत नाही, तो गोठवलेलाच राहतो.

या सेवेत सगळ्यात जास्त घोळ होतो तो तासांचा. प्रोजेस्टेरॉन (अस्तर गर्भासाठी तयार करणारं संप्रेरक) सुरू केल्यापासून 120 तासांनी तुकडा काढायचा असतो, म्हणजे बायॉप्सी करायची असते. पहिली गोळी रात्री नऊला घेतली, तर बायॉप्सी बरोबर पाच दिवसांनंतर रात्री नऊला यायला हवी. ती सोयीसाठी सकाळी अकराला उरकली की झाले 110 तास. रिपोर्ट बारा-चोवीस तासांचा फरक सांगणार आणि दहा तासांची चूक आपल्याच हातून झालेली! म्हणून पहिला डोस सकाळचाच ठरवून घ्या, फाइलवर वेळ लिहून घ्या. जत-आटपाडीहून येणाऱ्यांनी एसटीची वेळही धरावी. पुढे गर्भ सोडताना औषध, मात्रा आणि घेण्याची पद्धत तीच हवी. तपासणी गोळ्यांवर आणि ट्रान्सफर (गर्भ सोडणं) इंजेक्शनवर केलं, तर रिपोर्टला अर्थ उरत नाही.

नमुनाही जपावा लागतो. तुकडा फार लहान असेल तर आरएनए (जनुकं किती सक्रिय आहेत ते ज्यावरून कळतं तो पेशींतला रेणू) पुरत नाही. फार मोठा असेल तर नळीतलं द्रव आतपर्यंत मुरत नाही आणि नमुना खराब होतो. नळी जोरात हलवून काही तास फ्रीजमध्ये ठेवायची आणि मगच कुरिअरला द्यायची.

आता हा खर्च वसूल होतो का, ते बोलू. ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात 2022 साली आलेल्या अभ्यासात 767 जणींपैकी ईआरएनुसार वेळ ठरवलेल्या गटात 58.5 टक्के, तर नेहमीच्या वेळेच्या गटात 61.9 टक्के बाळंतपणं झाली. म्हणजे फायदा दिसलाच नाही. पहिल्याच ट्रान्सफरआधी ही चाचणी कुणी सुचवत असेल तर सरळ नको म्हणा.

त्यापेक्षा ट्रान्सफरच्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासा. गोळ्यांवरच्या सायकलमध्ये ते साधारण मिलिलिटरमागे 10 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर इंजेक्शन जोडू शकतात. खर्च त्यामानाने किरकोळ, आणि निकाल बहुधा त्याच दिवशी.

तरीही ईआरए करायचीच असेल तर बायॉप्सी, लॅब आणि कुरिअरचे पैसे पावतीवर वेगवेगळे दाखवायला सांगा. नमुना अपुरा निघाला तर दुसऱ्यांदा काढायचा खर्च कुणाचा, तेही आधीच लिहून घ्या.