सिल्व्हन + रोहन डेक : पावसाळा ते थंडी वापरल्यानंतर

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम'मध्ये (यात खेळाडू एकमेकांविरुद्ध नाही, एकाच बाजूने खेळतात) सिल्व्हन एल्फ आणि रोहन यांचा जोड-डेक, म्हणजे निवडक कार्डांचा गठ्ठा, मी जूनमध्ये बांधला आणि अजून मोडला नाही. माझ्यासारख्या दर रविवारी डेक मोडणाऱ्या माणसाच्या हिशेबात हे कौतुक मोठं आहे. तक्रारी आहेतच. त्यातली निम्मी एका फुटकळ कार्डाबद्दल आहे, तेव्हा आधी चांगलं सांगून घेतो.

हिरो : सेलेबॉर्न (लीडरशिप), टॅक्टिक्सचा एओमेर, स्पिरिटची एओविन. लीडरशिप, टॅक्टिक्स, स्पिरिट हे स्फिअर, म्हणजे कार्डांचे गट; हिरोची नाणी त्याच्याच स्फिअरच्या कार्डांवर खर्च होतात. 11 + 10 + 9, म्हणजे सुरुवातीचा थ्रेट (धोक्याचा आकडा, कमी तेवढा बरा) 30. या दोन जमाती एकत्र का चालतात, तर दोघींनाही टेबलावर टिकून राहायचं नसतं. सिल्व्हन अ‍ॅलाय (हिरोंचे साथीदार) हातात परत येतात आणि पुन्हा उतरले की सेलेबॉर्नमुळे त्या राउंडपुरते तिन्ही आकडे (विलपॉवर म्हणजे क्वेस्ट, अर्थात मोहीम, पुढे नेण्याची ताकद; हल्ला; बचाव) एकेकाने वाढतात. रोहनवाले स्वतःला डिस्कार्ड करून (टाकलेल्या कार्डांत जाऊन) काम उरकतात. आणि कुठलंही कॅरेक्टर खेळातून गेलं की एओमेरचा हल्ला राउंडपुरता दोनने वाढतो. कुणाचं, कसं गेलं, त्याला सोयरसुतक नाही.

गोदेला पूर आला होता, दुतोंड्या मारुती बुडत चाललेला, गंगापूर रोडवरून कुणी हलायला तयार नाही, अशा संध्याकाळी हे पहिल्यांदा नीट जुळलं. समोर दोन ओर्क. 'फेन्ड व्हॉइसेस' हा इव्हेंट (एकदाच वापरायचं कार्ड) टाकला, गॅलाध्रिम मिन्स्ट्रेल हा सिल्व्हन साथीदार हातात परत घेतला. एका ओर्कचा हल्ला रद्द. एओमेर 3 वरून 5 वर. त्याने एक पाडला, मग वेस्टफोल्ड हॉर्स-ब्रेकर हा रोहनवाला डिस्कार्ड करून एओमेरला पुन्हा उभा केला, म्हणजे वापरण्याजोगा केला, आणि दुसराही पाडला. पुढच्या राउंडला मिन्स्ट्रेल परत उतरला आणि वरची पाच कार्डं चाळून नवा इव्हेंट घेऊन आला. समोर बसून माझ्याच बाजूने खेळणारा भाचा म्हणाला, "मामा, हे चीटिंग आहे." नाही, छापील आहे.

आता ते फुटकळ कार्ड, 'सिल्व्हन रेफ्युजी'. किंमत 1, विलपॉवर 2. कागदावर फुकट. पण कुठलंही कॅरेक्टर खेळातून गेलं की ही डिस्कार्ड. ज्या डेकचा धंदाच कॅरेक्टर घालवण्याचा, त्यात ही बाई! बरं, माझंच कॅरेक्टर जायला हवं असंही नाही. भाचा ड्वार्फ खेळतो. दाइन हा हिरो उभा ठेवून सगळ्या ड्वार्फांना +1 देत निवांत बसतो आणि कॉम्बॅटमध्ये एखादा ड्वार्फ खुशाल मरायला पुढे करतो. त्याचा ड्वार्फ मेला की माझी रेफ्युजी गेली. आमची यावरून खरी भांडणं झाली आहेत. गॅम्लिंग नावाचा साथीदार डिस्कार्ड झालेल्याला हातात परत आणतो, पण फक्त रोहनवाल्याला. म्हणून ऑगस्टमध्ये तिन्ही प्रती काढून डब्यात टाकल्या.

दिवाळीत दोन परत आल्या. तोपर्यंत लक्षात आलं होतं की या डेकचं खरं दुखणं रिसोर्सचं आहे. तीन हिरो, तीन स्फिअर, प्रत्येकाला राउंडला एकच नाणं. एओमेरकडे नाणी साठून राहतात आणि बिचारी एओविन कायम कडकी, कारण हॉर्स-ब्रेकर, एस्कॉर्ट फ्रॉम एडोरास, रेफ्युजी सगळे स्पिरिटचेच गिऱ्हाईक. 'स्ट्युअर्ड ऑफ गोंडोर' (ज्या हिरोला लावाल त्याला राउंडला दोन जादा नाणी देणारं कार्ड) सवयीने सेलेबॉर्नला लावत होतो. एकदा लीडरशिपची दोन नाणी मोजून तो एओविनला लावला आणि डेकचा स्वभावच बदलला. राउंडला तीन स्पिरिट आल्यावर रेफ्युजी वापरून फेकायची वस्तू झाली : एका नाण्यात उतरवा, सेलेबॉर्नच्या कृपेने 3 विलपॉवरने क्वेस्टला पाठवा. कॉम्बॅट क्वेस्टच्या नंतरच येतो. तेव्हा गेली तर गेली. भाच्याने आता किती ड्वार्फ मारायचे ते मारावेत.

मात्र स्ट्युअर्ड लवकर हाती आला नाही तर पहिले काही राउंड अजूनही रडत जातात. 'लोर' (Lore) हा चौथा स्फिअर नसल्याने जादा कार्डं ओढणं जवळजवळ नाहीच, त्यात एओविनचं विलपॉवर वाढवायला हातातलं कार्ड टाकावं लागतं. एकट्याने खेळणार असाल तर हा डेक सुचवणार नाही. दोघांत मस्त, कारण तिच्यासाठी कार्ड समोरचाही टाकू शकतो, आणि भाच्याकडे युनिक ड्वार्फांच्या जादा प्रती पडूनच असतात.

खर्चाचं : लोरिएन आणि रोहन हे दोन स्टार्टर डेक, मूळ संच आणि एका मित्राची जुनी पाकिटं. जुन्या-नव्या कार्डांची पाठ माझ्याकडे किंचित वेगळी दिसते, म्हणून अपारदर्शक स्लीव्ह मागवले. ऑनलाइन विक्रेत्याने पारदर्शक पाठवले आणि वर "पाकीट फोडलंत, परत घेणार नाही" म्हणाला. न फोडता कळणार कसं? हट्टाने तेच चढवलेत, नवे घेणार नाही. शफल झाल्यावर वरचं कार्ड भाच्याने झाकायचं, असा घरगुती नियम केलाय.