ट्रेलर रात्री कुठे लावायचा: धाब्यावर की यार्डात?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका मित्राने ट्रेलर घेतलाय. वेर्ण्याला माल उतरवायचा तर सकाळपर्यंत थांबणं आलं. मग गाडी हायवेच्या धाब्यावर लावू की पैसे भरून यार्डात, हा त्याचा घोळ.

खर्चात धाबाच परवडतो. जेवलात की जागा बहुधा फुकट. पण चोर अख्खी गाडी क्वचितच नेतो. त्याला हवं असतं डिझेल, बॅटरी, स्टेपनी, नाहीतर ताडपत्रीची दोरी कापून हाताला लागेल ते. त्यामुळे टाकी उजेडाकडे ठेवा, कंटेनर असेल तर मागची दारं भिंतीला जवळजवळ टेकवा आणि डिझेलच्या झाकणाला कुलूप घाला. निम्मी कटकट मिटते. ड्रायव्हर मात्र केबिनमध्येच झोपला पाहिजे, आणि गोव्याच्या उकाड्यात ते सोपं नाही.

यार्डात घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची केबिनवाली गाडी, सोडवून ट्रेलर एकटा ठेवता येतो. तेव्हा किंगपिनला, म्हणजे ट्रेलरखालच्या ज्या खुंटीला घोडा जोडतात तिला, कुलूप लावाच, म्हणजे दुसरा घोडा जोडताच येत नाही. ‘सीसीटीव्ही आहे’ एवढ्यावर भुलू नका. राखणदार रात्री फेरी मारतो का ते विचारा. पावसाळ्यात जमीनही बघा, भरलेली गाडी रुतते.

एखादीच रात्र आणि ड्रायव्हर सोबत, तर धाबा पुरे. गणेश चवथीला ड्रायव्हर गावी जाणार असेल किंवा माल महागाचा असेल, तर यार्डच.