व्हिस्लरमधील भाड्याच्या ताफ्यातील डाउनहिल बाइक की खाजगी मालकाची? हंगामअखेरच्या खरेदीचा तुलनात्मक आढावा

दरवर्षी सप्टेंबर उजाडला की ब्रिटिश कोलंबियातील व्हिस्लर येथे डाउनहिल बाइक, म्हणजे डोंगरउतारावरून खाली आणायच्या सायकली, भाड्याने देणारी दुकाने आपल्या ताफ्यातील बाइक विक्रीला काढू लागतात. लिफ्टने वर जाऊन उतारावरून सायकल चालवण्याचे येथील बाइक पार्क साधारणपणे मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आसपासपर्यंत चालते, आणि पुढच्या वर्षी ग्राहकांना नवी मॉडेल द्यायची असल्याने जुना ताफा हिवाळाभर सांभाळत बसण्यात दुकानदाराचा काहीच लाभ नसतो. नेमक्या याच आठवड्यांत खाजगी मालकही आपल्या बाइक विकायला काढतात. त्यामुळे व्हँकुवर, सरे किंवा बर्नबीत राहणाऱ्या आणि महामार्ग 99 ने सुमारे 120 किलोमीटरवरील या पार्कात नियमित जाऊ लागलेल्या मराठी वाचकापुढे हा पेच हमखास उभा राहतो: शेकडो अनोळखी लोकांनी चालवलेली भाड्याची बाइक घ्यावी, की एकाच माणसाने वापरलेली, दिसायला चकचकीत, पण थोडी महाग असलेली बाइक घ्यावी?

तुलनेकडे वळण्यापूर्वी एक खुलासा केलेला बरा. पुण्यात वेताळ टेकडी स्वतः पेडल मारत चढून गेलेल्या सायकलस्वाराला माउंटन बाइक म्हटले की जे डोळ्यांसमोर येते, त्याहून डाउनहिल बाइक हे प्रकरण निराळे आहे. पुढे-मागे सुमारे 200 मिलिमीटर सस्पेन्शन, मोटरसायकलसारखा डबल क्राउन फोर्क (पुढचे चाक धरणारा, वर-खाली दोन पट्ट्यांत बसवलेला दुपायी सस्पेन्शन), बहुधा सातच गिअर आणि 16 ते 18 किलो वजन असलेली ही बाइक लिफ्टने वर न्यायची आणि उतारावरून खाली आणायची असते. तिच्यावर बसून चढ चढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून वर्षातून चार-पाच दिवसच पार्कात जाणाऱ्याने या दोन्हींपैकी कोणतीच बाइक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाचे भाडे दीडशे डॉलरच्या पुढे जाते हे खरे, परंतु तेवढ्या वापरासाठी ते भाडेच परवडते आणि देखभालीची कटकटही दुकानाकडेच राहते. पुढील विवेचन हंगामी पास काढून बहुतेक शनिवार-रविवार पार्कात घालवणाऱ्यासाठी आहे.

किती चालली आणि कशी चालली

भाड्याच्या बाइकविरुद्ध पहिला आक्षेप वापराच्या तासांचा असतो आणि तो रास्त आहे. ढोबळ हिशेब मांडून पाहू. हंगाम वीस आठवड्यांचा धरला, बाइक आठवड्यातून चार दिवस बाहेर गेली असे मानले आणि दिवसाकाठी प्रत्यक्ष चालण्याचे चार तास धरले, तर एका हंगामात 320 तास होतात. खाजगी मालक हौशी असला तरी नोकरी सांभाळून पंचवीस दिवस जातो, म्हणजे 100 तास. फॉक्स कंपनी आपल्या फोर्क आणि शॉकची (मागच्या सस्पेन्शनची) पूर्ण सर्व्हिसिंग 125 तासांनी किंवा वर्षातून एकदा करण्यास सांगते. रॉकशॉक्सच्या फोर्कचे खालचे पाय 50 तासांनी उघडून तेल बदलायचे असते आणि 200 तासांनी संपूर्ण सर्व्हिसिंग करायची असते. या मापाने पाहिल्यास भाड्याच्या बाइकचा फॉक्स फोर्क एका हंगामात किमान दोनदा उघडला गेला पाहिजे, आणि खाजगी मालकाचा निदान एकदा. प्रश्न इतकाच की तो खरोखर उघडला गेला का. चांगल्या दुकानात प्रत्येक बाइकची तिच्या क्रमांकानुसार नोंद असते आणि कधी काय बदलले ते सांगता येते. खाजगी मालकाकडे बहुतेक वेळा "मी नेहमी काळजी घेतो" एवढेच आश्वासन असते.

तासांइतकेच महत्त्व ते तास कसे गेले याला आहे, आणि इथे पारडे जरा फिरते. बाइक भाड्याने घेणारा माणूस पुष्कळदा नवखा असतो. तो ईझी डझ इट किंवा बी-लाइन यांसारख्या सोप्या वाटांवर फिरतो, दोन्ही ब्रेक सतत धरून ठेवतो, वळणावर घसरून कमी वेगात आडवा होतो आणि दुपारनंतर थकून लिफ्टच्या कॅरियरमध्ये बाइक धडपडत अडकवतो. याचा फटका ब्रेक पॅड, रोटर (ब्रेकची चकती), हँडलच्या मुठी, लिव्हर, पेडल आणि रंग यांना बसतो. खाजगी मालक मात्र ए-लाइन आणि डर्ट मर्चंट यांसारख्या उड्यांच्या वाटांसाठीच डाउनहिल बाइक घेतलेला असतो. टेबलटॉपवरची, म्हणजे सपाट माथ्याच्या मातीच्या उंचवट्यावरची, उडी तोकडी पडून मागचे चाक काठावर आदळले की तो सगळा धक्का रिम, शॉकचे माउंट आणि फ्रेमच्या जोडांपर्यंत पोचतो. म्हणजे भाड्याची बाइक जास्त झिजलेली असली तरी तिची झीज मुख्यतः बदलता येणाऱ्या भागांची असते, आणि खाजगी बाइक कमी झिजलेली असली तरी तिला बसलेला एखादा मोठा फटका नेमका बदलता न येणाऱ्या भागाला बसलेला असू शकतो. माझ्या मते सगळी तुलना याच भेदावर उभी आहे.

अर्थात याला एक मर्यादा आहे. अॅल्युमिनियमला वारंवार पडणाऱ्या ताणाचा थकवा येतो आणि तो साठत जातो. कितीही हलका ताण असला तरी त्याचा परिणाम अजिबात होत नाही, अशी सुरक्षित पातळी या धातूत नसते. म्हणून एका हंगामाची भाड्याची बाइक आणि दोन-तीन हंगाम राबवलेली बाइक यांना एकाच मापाने मोजू नये. दुसऱ्या प्रकारची बाइक कितीही स्वस्त मिळाली तरी मी ती सुचवणार नाही.

प्रत्यक्ष बाइकसमोर उभे राहिल्यावर

भाड्याच्या बाइकवरील ओरखड्यांकडे फार लक्ष देऊ नये. लक्ष द्यावे ते हेडट्यूबच्या (फोर्क धरणाऱ्या फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या वरच्या टोकाकडे. डबल क्राउन फोर्कच्या नळ्या हँडल पूर्ण वळल्यावर फ्रेमवर आपटू नयेत म्हणून त्यांना रबरी बंपर बसवलेले असतात. नवखा स्वार पडतो तेव्हा हँडल झटक्याने वळते आणि बंपर सरकलेला असेल तर फोर्कची नळी थेट फ्रेमवर आदळते. त्या जागी अंगठ्याने चाचपून पाहिल्यास खोलगट डेंट चटकन जाणवतो, मग वरून संरक्षक पट्टी चिकटवलेली का असेना. किंबहुना त्या एकाच ठिकाणी नवीकोरी पट्टी दिसली तर ती काढून दाखवायला सांगावे. त्यानंतर ओल्या फडक्याने हेडट्यूबचे जोड, तळाच्या ब्रॅकेटभोवतीचा (पेडलांचा आस बसतो तो) भाग आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता भाग) पुसून घेऊन रंगात केसासारखी बारीक चीर दिसते का ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. चीर रंगाची असो वा धातूची, दिसली की तो व्यवहार तिथेच संपवावा.

दुसरी तपासणी दुकानदाराला जरा त्रास देणारी आहे, पण ती टाळू नये. शॉकचा एका बाजूचा बोल्ट काढला की स्विंगआर्म मोकळा होतो. तो हाताने सावकाश वर-खाली केला असता कुठेही खरखर न होता फिरला पाहिजे आणि आडवा हलवला असता प्ले (सैलपणा) जाणवता कामा नये. व्हिस्लरच्या उन्हाळ्यात दिवसभर धूळ असते आणि संध्याकाळी प्रत्येक बाइक पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जाते. या दोहोंमुळे लिंकेजच्या (स्विंगआर्मला फ्रेमशी जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगमधले ग्रीस लवकर जाते. बेअरिंग खराब असणे हा दोष गंभीर नाही, मात्र तो किंमत कमी करून घेण्याचे चांगले कारण आहे.

फोर्कसाठी पुढचा ब्रेक दाबून बाइक पुढे-मागे हलवावी आणि एक बोट नळी जिथे खालच्या पायात शिरते त्या सीलवर ठेवावे. ठकठक तिथे जाणवली तर बुशिंग (नळीला आतून आधार देणारे कडे) गेले आहे. हेडट्यूबपाशी जाणवली तर हेडसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) केवळ सैल असू शकतो. नळ्यांवर नख फिरवून पाहावे, कारण नखाला अडकणारा ओरखडा सील फाडतो. रोटर मोजायला मात्र साधन लागते: शिमानोचा नवा रोटर 1.8 मिलिमीटर जाड असतो आणि 1.5 मिलिमीटरवर तो बदलावा असे कंपनी सांगते. सतत ब्रेक धरून उतरलेल्या बाइकचे रोटर या मर्यादेच्या जवळ पोचलेले आढळतात. चेन आणि गिअरची चिंता फारशी करू नये, उतारावर पेडल फारसे मारले जात नाहीत. फक्त डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलेला नाही ना, एवढे मागून पाहून घ्यावे. रिमच्या कडा आणि स्पोकचा ताण हाताने चाचपावा. टायर संपलेलेच असणार असे गृहीत धरावे.

खाजगी बाइक: झाकली मूठ

याच सगळ्या तपासण्या खाजगी बाइकवरही करायच्या असतात, पण तिथे दोन अडचणी वाढतात. पहिली अडचण कार्बनची. भाड्याच्या ताफ्यातील बाइक बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात, तर हौशी मालकाची बाइक पुष्कळदा कार्बनची असते. कार्बनला अॅल्युमिनियमसारखा थकवा येत नाही, परंतु दगडाचा जोरदार फटका बसल्यास आतले थर सुटलेले असूनही वरून फक्त खरचटल्यासारखे दिसते, आणि त्याचा निर्वाळा देण्यासाठी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी लागते. विक्रेता त्याला तयार नसेल तर त्यातूनच उत्तर मिळाले असे समजावे.

दुसरी अडचण मालकीची. महागड्या बाइकच्या चोऱ्या या भागात होतात, म्हणून खाजगी व्यवहारात फ्रेमचा क्रमांक 529 गॅरेज या नोंदवहीत तपासून घ्यावा. व्हँकुवर पोलीस 2015 पासून ही नोंदवही वापरत आहेत. मूळ खरेदीची पावती मागण्यात संकोच बाळगू नये. दुकानातून घेतलेल्या बाइकबाबत हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही.

हमीच्या बाबतीत दोन्ही पर्याय सारखेच लंगडे आहेत. बहुतेक कंपन्यांची फ्रेमवरील हमी पहिल्या मालकापुरती असते, त्यामुळे ती ताफ्यातील बाइकबरोबरही येत नाही आणि खाजगी बाइकबरोबरही. काही दुकाने स्वतःची महिन्या-दोन महिन्यांची जबाबदारी घेतात. तसे असल्यास ते लेखी मागावे, कारण पार्क बंद होण्याच्या आठवड्यात घेतलेल्या बाइकवरील तोंडी हमीचा उपयोग पुढच्या मेमध्ये होत नाही.

पैशाचा हिशेब

ब्रिटिश कोलंबियात सायकलींना 7 टक्के प्रांतीय विक्रीकर माफ आहे, मात्र दुकानातून घेताना 5 टक्के जीएसटी भरावा लागतो आणि खाजगी व्यक्तीकडून घेताना तो लागत नाही. समजा, ताफ्यातील एका हंगामाची अॅल्युमिनियम बाइक 3,000 डॉलरला मिळते. त्यावर जीएसटीचे 150, आणि फोर्क-शॉकची सर्व्हिसिंग, बेअरिंग, रोटर, पॅड व टायर मिळून 700 ते 800 डॉलर धरले तर ती 3,900 च्या आसपास पडते. त्याच वर्षाची खाजगी कार्बन बाइक 4,000 ला मिळाली, तरी सर्व्हिसिंग आणि कार्बनची तपासणी धरून तीही 4,400 च्या पुढे जाते. म्हणजे सुरुवातीला दिसणारा हजार डॉलरचा फरक शेवटी निम्म्यावर येतो. दुकानाने सर्व्हिसिंग आधीच केली असेल तर हिशेब पुन्हा ताफ्यातील बाइकच्या बाजूने झुकतो. पण "पूर्ण सर्व्हिस केली आहे" या वाक्यात फोर्क उघडला होता की फक्त बाइक धुऊन चेनला तेल लावले होते, हे विचारल्याशिवाय तो आकडा वजा करू नये. याच काळात दुकानात उरलेली नवी अॅल्युमिनियम बाइक सवलतीत पाच हजारांच्या आत आली, तर ती पहिल्या मालकाच्या हमीसह मिळते, आणि मग वापरलेल्या बाइकचा विचारच सोडून द्यावा.

या आकड्यांवरून माझा कल असा आहे की ज्याला स्वतःच्या हाताने बेअरिंग आणि पॅड बदलता येतात, त्याने एका हंगामाची ताफ्यातील अॅल्युमिनियम बाइक घ्यावी. ज्याला पाना धरण्याची हौस नाही, पण ओळखीतल्या, जपून चालवणाऱ्या मालकाची बाइक ज्याला मिळते आहे, त्याने खाजगी बाइक घ्यावी. अनोळखी मालकाची, कागदपत्रे नसलेली कार्बन बाइक हा या सर्वांतला सर्वांत कमकुवत पर्याय आहे.

खरेदीच्या दिवशी दोन गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. ताफ्यातील बाइकचा कॉइल शॉक सरासरी वजनाच्या ग्राहकासाठी बसवलेला असतो. साठ-पासष्ट किलोच्या माणसाला तो कडक वाटेल आणि नव्वद किलोच्या माणसाला मऊ, म्हणून योग्य ताकदीची स्प्रिंग किमतीतच बदलून मागावी, दुकानाकडे ती सहसा असते. आणि पावतीवर फ्रेमचा क्रमांक, बदललेल्या भागांची यादी व सर्व्हिसिंगची तारीख लिहून घ्यावी. दोन वर्षांनी ही बाइक तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमचा ग्राहक तोच कागद मागणार आहे.